उन्हाळी सुट्टीत शिक्षक काय करतात?



एप्रिलच्या दहा-अकरा तारखेला शाळेला सुट्टी लागते आणि मेच्या अखेरीपर्यंत वर्ग बंद राहतात. या दिवसांत भालकीच्या बाजारात, बसस्टँडवर किंवा एखाद्या लग्नाच्या मांडवात गाठ पडली की आमच्या शिक्षकांना एक वाक्य हमखास ऐकायला मिळते, "काय सर, मजा आहे तुमची! दोन महिने घरबसल्या पगार!" बोलणाऱ्याच्या मनात राग नसतो, थट्टाच असते. तरीही या थट्टेला एकदा सविस्तर उत्तर द्यावे असे आम्हाला वाटले. शिक्षकांची बाजू मांडणे एवढाच त्यामागे हेतू नाही. आमच्या भागात सुट्टीच्या या सात आठवड्यांत मुलांच्या बाबतीत अशा काही गोष्टी ठरतात की त्यांचा परिणाम जूनच्या हजेरीपटावर थेट दिसतो. त्या गोष्टी पालकांना माहीत असाव्यात, म्हणून हा लेखनप्रपंच.

सुट्टी किती आणि कशासाठी?

प्रथम हिशेब पाहू. सुट्टी दोन महिन्यांची नसून सुमारे सात आठवड्यांची असते. तिचे मुख्य कारण ऊन. बीदर जिल्हा पठारावर असल्याने कलबुर्गीपेक्षा थोडा सुसह्य, तरी एप्रिल-मेमध्ये पारा चाळीस अंशांपर्यंत जातोच. कलबुर्गी विभागात या दोन महिन्यांत सरकारी कार्यालयांचीही वेळ बदलून सकाळी ८ ते दुपारी दीड अशी करण्याची पद्धत आहे. मोठ्या माणसांना जे ऊन सोसत नाही ते पत्र्याच्या छपराखाली बसलेल्या सहा वर्षांच्या मुलाला कसे सोसेल?

दुसरी गोष्ट कायद्याची. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी किमान २२० दिवस शाळा भरली पाहिजे. सुट्ट्यांचे वेळापत्रक हे दिवस राखूनच बसवलेले असते. शिवाय ज्यांना अशी सुट्टी मिळते त्या शिक्षकांना इतर खात्यांतील कर्मचाऱ्यांपेक्षा अर्जित रजा बरीच कमी मिळते. म्हणजे ही सुट्टी फुकट मिळालेली नाही, तिची किंमत रजेच्या खात्यातून वजा होते. हे फारच थोड्या पालकांना ठाऊक असते.

सुट्टीतली सरकारी कामे

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे शिक्षकांना दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक या तीन कामांखेरीज अन्य बिगरशैक्षणिक काम देता येत नाही. मतदार यादीच्या कामाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगितले होते की हे काम शिक्षकांकडून सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी करून घ्यावे, शाळेच्या वेळेत नको. मुलांच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच आहे. पण त्याचा दुसरा अर्थ असा की जे काम शाळेच्या दिवसांत करता येत नाही ते सुट्टीच्या वाट्याला येते.

२०११ च्या जनगणनेची घरयादी कर्नाटकात २०१० च्या उन्हाळ्यात झाली. राज्याचे सामाजिक व शैक्षणिक सर्वेक्षण २०१५ मध्ये एप्रिलच्या ११ तारखेपासून, म्हणजे सुट्टी लागताच सुरू झाले. डोक्याला रुमाल, हातात पिशवी, त्यात कागदांचा गठ्ठा आणि पाण्याची बाटली, असे शिक्षक गल्लोगल्ली फिरताना आपण पाहिलेच असतील. हायस्कूलच्या शिक्षकांना एस.एस.एल.सी.च्या उत्तरपत्रिका तपासण्याचे काम असते. २०२४ पासून ही परीक्षा वर्षातून तीनदा देण्याची सोय झाली. २०२५ मध्ये दुसरी परीक्षा २६ मेपासून होती, म्हणजे नापास झालेल्या मुलांची तयारी भर मे महिन्यात करून घ्यावी लागली. त्या मुलांचे एक वर्ष वाचते, तेव्हा याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. फक्त ही मेहनत कोणत्या दिवसांत होते, ते सांगितले.

या फिरण्याचा एक फायदाही होतो. शिक्षक एरवी ज्या घरांत कधी जाणार नाही त्या घरांच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचतो. कुणाच्या घरी पहिलीला घालायचे मूल आहे, कुणाचा मुलगा सातवीनंतर गॅरेजवर जातो, कुठल्या घरी आजारपण आहे, हे त्याला कळते. शहरात राहून रोज ये-जा करणाऱ्या शिक्षकाला ही माहिती सहजी मिळत नाही. गावातच राहणाऱ्या शिक्षकाला मात्र ती विहिरीवर, पारावर आणि किराणा दुकानातही मिळते. म्हणून आम्ही म्हणतो की खेड्यात राहणाऱ्या शिक्षकाची सुट्टी आणि शहरातल्या शिक्षकाची सुट्टी यांत फरक आहे.

कोण गावी येते, कोण गाव सोडते

आमच्या तालुक्यात आणि शेजारच्या औरादमध्ये अनेक वाड्या-तांडे असे आहेत की जिथली कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात. साखर कारखान्यांचा हंगाम साधारणतः मार्च-एप्रिलमध्ये संपतो आणि ही कुटुंबे परततात. म्हणजे पोर गावात येते त्याच आठवड्यात शाळेला सुट्टी लागते! वर्षाचे पाच महिने ते फडावर होते आणि आता गावात आहे तर शाळा बंद. वीटभट्टीवर गेलेल्यांचे याच्या उलट. भट्टी पाऊस लागेपर्यंत चालते, त्यामुळे ती कुटुंबे जून उजाडला तरी परतत नाहीत. हैदराबादेत बांधकामावर गेलेल्यांचा तर काहीच नेम नसतो.

ऊसतोडीहून परतलेल्या मुलांसाठी सुट्टीचा काळ हाच शिकवण्याचा काळ असतो, ही गोष्ट कर्नाटकाच्या शिक्षण खात्याने फार पूर्वी ओळखली होती. २००० नंतरच्या काही वर्षांत 'चिन्नर अंगळ' म्हणजे मुलांचे अंगण या नावाचे सुमारे साठ दिवसांचे उन्हाळी वर्ग भरत. शाळाबाह्य मुलांना खेळ, गाणी, वाचन-लेखन शिकवून जूनमध्ये त्यांच्या वयाच्या वर्गात बसवायचे, असा त्याचा उद्देश होता. पुढे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ ने हेच तत्त्व हक्क म्हणून दिले. शाळा सुटलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष शिकवणी. दहा वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवण्याची गरज नाही.

पण कायदा कागदावर असून भागत नाही. तांड्यावर जाऊन, "याडी, पोराला जूनला धाडायचं बरं का!" असे सांगणारे कुणीतरी लागते. हे सांगणे एप्रिलमध्ये एकदा, मेमध्ये एकदा आणि शाळा उघडायच्या आठवड्यात एकदा, असे तीनदा करावे लागते, असा आमचा अनुभव आहे. पहिल्या खेपेला आई-वडील मान हलवतात, दुसऱ्या खेपेला अडचण सांगतात आणि तिसऱ्या खेपेला त्या अडचणीवर काही मार्ग निघतो. अडचण बहुधा साधीच असते. धाकट्या भावंडाला कोण सांभाळेल, मुलीला एकटीला कसे पाठवायचे, टी.सी. कुठे हरवली आहे, अशी. टी.सी. मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे कलम ५ मध्ये स्पष्ट लिहिलेले आहे. हे पालकाला समजले की त्याचे निम्मे ओझे उतरते.

आजोळ त्या राज्यात, शाळा या राज्यात

आता आमच्या मराठी कुटुंबांची एक खास अडचण पाहू. १९५६ पर्यंत भालकी, उदगीर, निलंगा, अहमदपूर हे सारे निजाम राज्यातून आलेल्या एकाच बीदर जिल्ह्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली. भालकी म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात राहिले. उदगीर-निलंग्याकडचा भाग मुंबई राज्यात गेला आणि १९८२ पासून तो लातूर जिल्ह्यात आहे. सीमा आखली गेली, पण सोयरीक तुटली नाही. आजही आमच्या कित्येक विद्यार्थ्यांचे आजोळ उदगीर, देवणी, निलंगा या तालुक्यांत आहे. भालकीला रेल्वेत बसले की कमलनगर मागे टाकून उदगीर येते. सुट्टीत मामाच्या गावी जायचे म्हणजे दुसऱ्या राज्यात जायचे, हे मुलांच्या ध्यानातही येत नाही.

घोटाळा होतो तो वेळापत्रकाचा. आमची सुट्टी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात लागते, तेव्हा महाराष्ट्रातली मामेभावंडे शाळेत असतात. त्यांची सुट्टी मेच्या आरंभी लागते आणि शाळा जूनच्या मध्यावर उघडते. आमची शाळा मात्र मेच्या अखेरीसच उघडते. मग मामी म्हणते, "राहू द्या की अजून पंधरा दिवस, इथल्या पोरांच्या शाळा कुठं उघडल्यात?" आणि मूल राहते. इकडे शाळेत पुस्तके वाटून होतात, पहिले दोन धडे होतात, गणिताची उजळणी होते. पंधरा जूननंतर ते मूल येते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो आणि ते मागच्या बाकावर गप्प बसते. हुशार मूल महिन्याभरात सावरते. कच्चे मूल सावरत नाही, त्याला शाळा नकोशी होऊ लागते. ऑगस्टमध्ये पालक सांगतात, "ह्याचं अभ्यासात लक्ष लागत नाही सर." लक्ष का लागत नाही याचे मूळ पुष्कळदा जूनच्या त्या दोन आठवड्यांत सापडते.

काही मुले आजोळीच राहून तिथल्या शाळेत नाव घालतात. त्यात वावगे काही नाही, पण इकडे कळवले जात नाही. दोन राज्यांच्या नोंदी वेगळ्या, त्यामुळे मूल इथे गैरहजर आणि तिथे हजर असे दोन्हीकडे दिसते. पुढे परीक्षेच्या किंवा शिष्यवृत्तीच्या वेळी नाव, जन्मतारीख जुळत नाही आणि पालकांना दोन्हीकडे हेलपाटे घालावे लागतात. म्हणून आमचे शिक्षक मेच्या तिसऱ्या आठवड्यात वर्गाची यादी घेऊन फोन करत बसतात. कोण कुठे आहे, कधी येणार, तिकडेच राहणार असेल तर टी.सी. न्यायला केव्हा येता, एवढेच विचारायचे असते. एका वर्गाला दोन संध्याकाळी लागतात. पण त्या दोन संध्याकाळींनी वर्षभराचा घोळ वाचतो.

लग्नसराई आणि आठवीतली मुलगी

सुट्टी म्हणजे लग्नसराई. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्याकडच्या बसव जयंतीच्या दिवशी, बीदर जिल्ह्यात किती मांडव पडतात ते सांगायला नको. आनंदाची गोष्ट आहे. पण शाळेच्या दृष्टीने याच दिवसांत एक धोका असतो. आठवी-नववीतली एखादी मुलगी सुट्टीवर जाते आणि जूनमध्ये तिच्या जागी तिची मैत्रीण येऊन सांगते, "बाई, तिचं लगीन झालं."

कायदा सर्वांना माहीत आहे, मुलीला १८ आणि मुलाला २१ वर्षे पूर्ण हवीत. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे. कर्नाटकाने २०१६ च्या दुरुस्तीने एक पाऊल पुढे टाकून बालविवाह मुळातूनच रद्दबातल ठरवला. म्हणजे असे लग्न कायद्याच्या दृष्टीने झालेलेच नसते. उद्या त्या मुलीला बायको म्हणून काही हक्क मागायची वेळ आली तर तिच्या हातात काय राहील, याचा विचार पालकांनी करावा. १०९८ या क्रमांकावर कुणीही कळवू शकतो, नाव गुप्त ठेवले जाते.

तरी गावात राहणाऱ्या शिक्षकाची पहिली वाट फोनची नसते, ओसरीची असते. मुलगी बाजारात दिसेनाशी झाली, घराला रंग लागला, पाव्हणे ये-जा करू लागले, की त्याला समजते. आमच्या शाळेतील एका बाईंनी असे एक लग्न थांबवले, तेव्हा त्यांनी मुलीच्या वडिलांशी वादच घातला नाही. त्या तिच्या आजीकडे गेल्या. आजीचे स्वतःचे लग्न लहानपणी झालेले, पहिले बाळंतपण जिवावर बेतलेले. बाईंनी एवढेच विचारले, "आजी, तुमचं जे झालं ते नातीचं व्हावं का?" आजीने मुलाला बोलावून घेतले. दहावी होऊ द्या, मग बघू, असे ठरले. दहावीनंतर मुलगी पी.यू.सी.ला गेली आणि 'मग बघू' आणखी पुढे गेले. प्रत्येक वेळी असे होत नाही. काही वेळा अधिकाऱ्यांना कळवावेच लागते आणि त्यानंतर गावात तोंडे वाकडी होतात. ते सोसून शिक्षकाला त्याच गावात राहायचे असते. ही गोष्ट कुठल्याही आदेशात लिहिलेली नसते.

दुष्काळातले जेवण

'अक्षर दासोह' म्हणजे मध्यान्ह आहार योजना कर्नाटकात प्रथम आमच्या उत्तरेकडील जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत बीदर होते. सुट्टीत शाळा बंद, तेव्हा जेवणही बंद. सुकाळात हे चालून जाते. दुष्काळात चालत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळी भागात उन्हाळी सुट्टीतही मुलांना शाळेत जेवण द्यावे असा आदेश दिला. २०२४ च्या सुट्टीतही कर्नाटकाने दुष्काळग्रस्त तालुक्यांत अशी व्यवस्था केली होती. अशा वर्षी शाळेचे स्वयंपाकघर चालू राहते, आणि शिक्षकांना पाळीपाळीने हजर राहून मुलांची नोंद, धान्याचा हिशेब आणि पाण्याची सोय पाहावी लागते. जेवायला आलेली मुले मग तासभर थांबतात, गोष्टी ऐकतात, फळ्यावर चित्रे काढतात. ज्या घरी दुपारी चूल पेटत नाही त्या घरच्या मुलासाठी हा तास किती मोलाचा असतो, ते पंगत वाढणाऱ्यालाच कळते.

विसरणे आणि ओट्यावरची शाळा

सुट्टीत मुले शिकलेले विसरतात, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. किती विसरतात याचा अंदाज कोरोनाच्या काळाने आला. अझीम प्रेमजी फाउंडेशनने कर्नाटकासह पाच राज्यांतील सोळा हजारांहून अधिक मुलांची पाहणी करून २०२१ च्या आरंभी निष्कर्ष मांडला. सरासरी ९२ टक्के मुले भाषेतील आणि ८२ टक्के मुले गणितातील, मागील वर्षी येत असलेले किमान एक कौशल्य विसरली होती. ती बंदी अनेक महिन्यांची होती, उन्हाळी सुट्टी सात आठवड्यांची. प्रमाण कमी असेल, रीत तीच. वापर थांबला की विसर पडतो.

त्याच काळात कर्नाटकात 'विद्यागम' योजनेखाली शिक्षक गावोगाव जाऊन देवळात, पारावर, ओट्यावर मुलांना शिकवत होते. शाळेच्या भिंतींबाहेरही शिकवता येते, हा धडा आम्ही त्यातून घेतला. आता आमचे जे शिक्षक गावात राहतात ते सुट्टीत आठवड्यातून दोन-तीन सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, आपल्या ओट्यावर मुलांना बसवतात. सक्ती नाही, गृहपाठ नाही. कुणी 'किशोर' मासिकाचे जुने अंक वाचते. बालभारतीचे हे मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक आता संगणकावर मोफत वाचता येतात. कुणी आजीकडून ओवी ऐकून वहीत उतरवते. मराठी मुलांना मराठी अवांतर वाचन मिळण्याची जागा आमच्या सीमाभागात कमी, म्हणून याला आम्ही जास्त महत्त्व देतो.

यातला एक उपक्रम पालकांनाही उपयोगी पडावा. मेच्या शेवटच्या पंधरवड्यात मुले घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवण तपासतात. कृती सोपी आहे. पोत्यातून निवड न करता १०० दाणे मोजून घ्यायचे. गोणपाटाचा तुकडा भिजवून त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडायच्या, वर दुसरा ओला तुकडा घालून सैलसर गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचे. सातव्या-आठव्या दिवशी उघडून चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे. ७० किंवा अधिक उगवले तर बियाणे पेरण्याजोगे. ६० च उगवले तर? इथे गणित सुरू होते. एकरी ३० किलो बी ७० टक्के उगवणीला धरले, तर ६० टक्के उगवणीला ३० गुणिले ७० भागिले ६०, म्हणजे ३५ किलो लागेल. उगवण फारच कमी असेल तर ते बी पेरूच नये. शेकडेवारी आणि त्रैराशिक ही दोन प्रकरणे वर्गात जी मुले घोकतात ती या गोणपाटावर समजून घेतात. आणि दुबार पेरणीचा एक धोका टळला तर घरच्यांचे बियाण्याचे पैसे वाचतात ते वेगळेच.

शिक्षकाचा स्वतःचा अभ्यास

भालकीत शाळा चालवणे हे कधीच नुसते दहा ते पाचचे काम नव्हते. निजामाच्या काळात येथील हिरेमठाचे चन्नबसव पट्टदेवरू यांनी बाहेर उर्दूची पाटी लावून आत कन्नड शिकवले, ही गोष्ट साऱ्या तालुक्याला ठाऊक आहे. मराठीकडे पाहिले तर हैदराबाद मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे आधी हिप्परगा आणि अंबेजोगाईच्या शाळांत शिक्षक होते. अशा परंपरेत आपण उभे आहोत याचे भान असले की अभ्यास करावासा वाटतो.

कर्नाटकात पाठ्यपुस्तके सात माध्यमांतून निघतात, त्यांत मराठी आहे. पण परिपत्रके, प्रशिक्षण, तपासणी सारे कन्नडमधून. २०१५ च्या कायद्याने कन्नड ही भाषा सर्व शाळांत शिकवणे आवश्यक झाले आहे. आमच्या मुलांना पुढे नोकरीसाठीही ती चांगली आली पाहिजे. म्हणून काही शिक्षक सुट्टीत कन्नड पक्की करतात. आमचे स्वतःचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. घरी एक भाषा, वर्गात दुसरी आणि कार्यालयात तिसरी, अशा वेळी मूल कुठे अडखळते हे आम्हाला पुस्तकातून शिकावे लागले नाही. अशा मुलाला हळू बोलणारा शिक्षक हवा असतो, आणि ज्याने स्वतः नुकतीच नवी भाषा शिकली तो आपोआप हळू बोलतो.

विज्ञानाचे शिक्षक अरविंद गुप्ता यांची टाकाऊ वस्तूंतून खेळणी बनवण्याची पुस्तके वाचून साहित्य करून ठेवतात. ही पुस्तके मराठीतही मोफत उपलब्ध आहेत. इतिहासाच्या शिक्षकांनी बीदरला जाऊन १४७२ च्या सुमाराचा महमूद गवानचा मदरसा पुन्हा पाहिला आणि मुलांना दाखवण्याची टिपणे केली. साडेपाचशे वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यात एवढे मोठे विद्यापीठ होते, हे मुलांना भिंतीवरच्या निळ्या फरशा दाखवून सांगितले तर जन्मभर लक्षात राहील.

आणि घर? तेही असतेच. बाईंच्या अंगणात पापड, कुरडया, शेवया वाळत असतात. तुरीची डाळ करायची असते, लोणचे घालायचे असते. सरांना मृगापूर्वी शेतातली धसकटे वेचून वखरणी उरकायची असते. आई-वडिलांचे डोळे दाखवायला लातूरला न्यायचे असते. कुणी दहा दिवस गावाला जातो, कुणी दुपारी नुसता झोपतो. हेही आम्ही कमी लेखत नाही. पन्नास मुलांसमोर दहा महिने उभा राहिलेला माणूस विसावला नाही तर जूनमध्ये तो चिडका होऊन वर्गात येईल आणि त्याचा त्रास आपल्याच मुलांना होईल.

पालकांना विनंती

एवढे सांगितल्यावर आमच्या अपेक्षाही मांडतो.

१) शाळा उघडण्याची तारीख सुट्टी लागतानाच घरात लिहून ठेवावी आणि आजोळी कळवावी. महाराष्ट्रातल्या शाळेची तारीख आपल्या मुलाची तारीख नव्हे.

२) शाळा बदलायची असेल तर टी.सी. घेऊन जावी. न सांगता जाऊ नये.

३) सुट्टीत मुलाने आपल्या शेतात, दुकानात घरच्यांना हातभार लावणे कायद्याला मान्य आहे आणि चांगलेही आहे. मात्र चौदा वर्षांखालील मुलाला दुसऱ्याकडे मजुरीवर पाठवणे गुन्हा आहे.

४) मुलीचे लग्न ठरवण्याची घाई करू नये. अडचण असेल तर आधी आमच्याशी बोलावे. शिष्यवृत्ती, वसतिगृह यांबाबत जी मदत होईल ती अवश्य करू.

५) रोज अर्धा तास मुलाकडून काहीतरी मोठ्याने वाचून घ्यावे. पेपर चालेल, पंचांग चालेल, बियाण्याच्या पिशवीवरची माहितीही चालेल. आपल्याला वाचता येत नसेल तर शेजारी बसून ऐकावे. मुलाला ऐकणारे कुणी आहे एवढे पुरते.

६) आपल्या गल्लीत, वाडीत, तांड्यावर शाळेत न जाणारे मूल असेल तर त्याचे नाव आम्हाला सांगावे. पुढचे आमचे शिक्षक पाहतील.

पुढच्या सुट्टीत शिक्षक बाजारात भेटले तर थट्टा जरूर करावी, आम्हालाही ती आवडते. फक्त थट्टेनंतर एक वाक्य आणखी बोलावे, "आमचं पोरगं उघडायच्या दिवशी येतंय बरं का, सर!" तेवढे ऐकले की आमच्या शिक्षकाच्या यादीतला एक फोन कमी होतो.